हाताने घडवलेल्या धनुष्यालाही मैदानावर जागा हवी

प्रति,
मा. संपादक,

महोदय,
स.न.वि.वि.

नागपूरच्या ओजस देवतळे याने २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत कंपाउंड (भुजांच्या टोकांवर चकत्या असलेल्या धनुष्याच्या) प्रकारात वैयक्तिक सुवर्णपदक मिळवले आणि त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेतून आणखी तीन सुवर्णपदके आणली, तेव्हापासून आपल्या शहरात धनुर्विद्येची चर्चा घराघरांत होऊ लागली आहे आणि एक नागपूरकर म्हणून मला याचा मनापासून अभिमान वाटतो. मात्र या सगळ्या चर्चेत धनुष्य म्हणजे कंपाउंड किंवा टोके पुढे वळलेले रिकर्व्ह, कारखान्यात तयार झालेले आणि बहुधा परदेशातून आलेले, एवढेच गृहीत धरले जाते. एखादा कारागीर छोट्या कार्यशाळेत बांबू आणि लाकूड तासून जे धनुष्य घडवतो, त्याचा उल्लेख सहसा होत नाही, आणि त्याची माहितीच नसल्यामुळे मैदानावर त्याला जागाही मिळत नाही. याविषयी आपल्या दैनिकातून काही मांडण्याची परवानगी असावी.

मी शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. उमरेड रस्त्याकडच्या एका गावात एक कारागीर आपल्या घरामागच्या छपरीत पारंपरिक पद्धतीची लांब धनुष्ये, म्हणजे जगभर ज्यांना लाँगबो म्हणतात ती, तयार करतात. त्यांचा मूळ व्यवसाय सुतारकामाचा आहे. त्यांनी माझ्या मापाने घडवलेले धनुष्य मी काही वर्षांपासून वापरते. शहरातल्या एका सार्वजनिक मैदानावर मात्र मला आणि माझ्यासारख्या दोघा-तिघा हौशी मंडळींना ‘लाकडी धनुष्य इथे चालणार नाही’ असे सांगून परत पाठवण्यात आले. कारण विचारल्यावर सुरक्षिततेचा मुद्दा पुढे करण्यात आला, पण धनुष्य हातात घेऊन पाहण्याची तयारी कोणी दाखवली नाही. त्या मैदानाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. हाताने घडवलेले धनुष्य म्हणजे खेळणे किंवा मग धोकादायक वस्तू, हा समज कोणा एका कर्मचाऱ्याचा नाही, तो सर्वत्र आहे, आणि माझा वाद त्या समजाशी आहे.

लाँगबोची रचना पाहायला साधी असते. माणसाच्या उंचीच्या आसपास लांबी, मधोमध मूठ, वर आणि खाली निमुळत्या होत गेलेल्या दोन भुजा आणि टोकांच्या खाचांत अडकवलेली दोरी. दोरी चढवली की संपूर्ण धनुष्याला एकच सलग बाक येतो आणि दोरी टोकांखेरीज भुजांना कोठेही टेकत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांतही लाँगबोची ओळख याच लक्षणावरून ठरते. नेम धरायला त्यावर साइट नसते आणि तोल सांभाळायला पुढे आलेली दांडीही नसते. अमेरिकेच्या हॉलिस विल्बर ॲलन यांनी १९६० च्या दशकात शोधलेल्या कंपाउंड धनुष्यात भुजांच्या टोकांवरील चकत्यांमुळे पूर्ण ओढ झाल्यावर हातावरचे ओझे बरेचसे उतरते, आणि खेळाडूला स्थिरपणे नेम धरता येतो. लाँगबोत दोरी जितकी मागे येते तितके ओझे वाढत जाते आणि बाण सोडण्याच्या क्षणी ते सर्वांत जास्त असते. त्यामुळे ते चालवणाऱ्याला फार वेळ नेम धरून उभे राहता येत नाही. उभे राहण्याची पद्धत, खांदा, कोपर, गालाला लागणारे बोट हे सगळे दर वेळी सारखेच आले, तरच बाण सारखा जातो. कंपाउंडला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. ओजससारखे खेळाडू त्या यंत्रावर जी अचूकता दाखवतात ती अपार मेहनतीची आहे. हे दोन निराळे अभ्यास आहेत, आणि दोन्हींना आपल्या शहरात वाव असावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

असे धनुष्य कसे तयार होते, हे मी त्या छपरीत बसून पाहिले आहे, आणि ते सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते, कारण ते ठाऊक झाल्यावर सुरक्षिततेच्या शंकेचे उत्तर बरेचसे आपोआप मिळते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात बांबूच्या दोन जाती मुख्यत्वे आढळतात, मानवेल आणि कटांग. मानवेलाचा बुंधा जवळजवळ भरीव असतो, तर कटांगाचा घेर मोठा आणि भिंत जाड असल्यामुळे त्यातून रुंद व सपाट पट्टी निघते. कारागीर तीन वर्षांहून कोवळा बांबू घेत नाहीत, आणि तोड दिवाळीनंतर थंडीच्या दिवसांतच करून घेतात, कारण त्या काळात बांबूत पिष्टाचे प्रमाण कमी असते आणि घुण लागण्याचे भय कमी होते. तोडलेला बांबू कित्येक महिने सावलीत वाळतो. उन्हात घाईने वाळवलेला बांबू तडकतो, आणि ती तडक वरून दिसत नाही, म्हणून असा माल ते सरळ बाजूला काढतात.

बांबूची बाहेरची साल हीच धनुष्याची पाठ होते, म्हणजे बाण सोडताना लक्ष्याकडे असलेली बाजू. धनुष्य वाकले की पाठीवर ताण येतो आणि पोटावर, म्हणजे धनुर्धराकडच्या बाजूवर, दाब येतो. बांबूचे सर्वांत दाट आणि चिवट तंतू सालीलगतच असल्यामुळे ती बाजू ताण उत्तम सोसते. इंग्लंडची मेरी रोझ ही युद्धनौका १५४५ मध्ये बुडाली आणि १९८२ मध्ये तिचा सांगाडा समुद्रतळातून वर काढण्यात आला; तिच्या अवशेषांत शंभराहून अधिक अखंड लाँगबो मिळाली, ती यू नावाच्या झाडाची आहेत. त्या झाडाचे बाहेरचे फिकट लाकूड ताण सोसते आणि आतला गाभा दाब सोसतो, म्हणून तिथले कारागीर दोन्ही थर एकाच दांडक्यात येतील अशा बेताने लाकूड काढत. विदर्भात यू उगवत नाही. आमचे कारागीर तेच काम पाठीला बांबू आणि पोटाला धामणीचे लाकूड जोडून साधतात. धामण लवचिक आणि चिवट असल्यामुळे कुऱ्हाडीच्या दांड्यांसाठी तिचे लाकूड पूर्वीपासून वापरात आहे. दोन्ही थर सरसाने जोडून, शिकंज्यांत आवळून, पुरेसे दिवस तसेच ठेवल्यावर मग खऱ्या कामाला सुरुवात होते.

ते काम म्हणजे टिलर. धनुष्य भिंतीवरच्या खुंटीवर मुठीत आडवे अडकवतात, दोरी कप्पीवरून खाली ओढतात आणि दूर उभे राहून दोन्ही भुजांचा बाक पाहतात. एखादा भाग कडक राहिला असेल तर तेवढ्याच जागी पोटाच्या बाजूने कानस किंवा काचेची धार फिरवून कागदासारखा पातळ थर काढतात, पुन्हा अनेकदा ओढून पाहतात, पुन्हा तपासतात. बांबूच्या सालीला हत्यार लावायचे नाही, कारण तिथला एक तंतू तुटला तरी तडा तिथूनच सुरू होतो. गाठींवरचा उंचवटाही फक्त हलक्या हाताने घासतात. सुरुवातीला धनुष्य थोडेसेच ओढतात आणि बाक एकसारखा दिसल्याखेरीज पुढचा इंच ओढत नाहीत. असमान बाकाचे धनुष्य ग्राहकाच्या हाती जाऊन मोडण्यापेक्षा खुंटीवर मोडलेले बरे, असे ते म्हणतात, आणि खुंटीवर मोडलेल्या धनुष्यांचे तुकडे छपरीच्या कोपऱ्यात ठेवलेले असतात. नवीन ग्राहकाला ते आधी तो ढीग दाखवतात. कोणते धनुष्य कुठे आणि का मोडले हे समजावून सांगणारा विक्रेता मला दुसऱ्या कुठल्याही दुकानात भेटलेला नाही.

मापाचा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे, विशेषतः स्त्रियांसाठी आणि कमी उंचीच्या माणसांसाठी. तयार धनुष्यावर लिहिलेले पाउंडेज, म्हणजे दोरी ओढायला लागणारे वजन, हे २८ इंच ओढीवर (ओढ म्हणजे मुठीपासून मागे ओढलेल्या दोरीपर्यंतचे अंतर) मोजलेले असते. ज्याची ओढ २६ इंचच आहे त्याला ३५ पौंडांचे धनुष्य प्रत्यक्षात ३० पौंडांच्या आसपासच मिळते, कारण त्या टप्प्यावर दर इंचाला दोन-तीन पौंडांचा फरक पडतो. उलट लांब हातांच्या माणसाने आखूड लाकडी धनुष्य घेतले तर तो नकळत ते मर्यादेपलीकडे ओढतो, आणि लाकडी धनुष्ये मोडण्याचे ते एक मोठे कारण आहे. २८ इंच ओढ असलेल्या माणसाला सर्वसाधारणपणे ६६ ते ६८ इंच लांबीचे धनुष्य लागते. आमचे कारागीर आधी हलक्या धनुष्यावर बाण ओढायला लावून माणसाची ओढ मोजतात, खांद्याचे काही जुने दुखणे आहे का ते विचारतात आणि मगच पाउंडेज ठरवतात. नवशिक्याने कितीही आग्रह केला तरी त्याला ते २०-२५ पौंडांपुढे जाऊ देत नाहीत. धनुष्याच्या पोटावर, मुठीच्या वर, ओढ आणि पाउंडेज शाईने लिहून वर पारदर्शक लेप देतात, म्हणजे पुढे ते कोणाच्याही हाती गेले तरी त्याची मर्यादा वाचता येते.

नागपूरच्या हवेचा विचारही इथेच आला पाहिजे. लाकूड हवेतील ओलावा घेते आणि सोडते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि हवा इतकी कोरडी होते की लाकूड ठिसूळ पडते; नवतपात भर दुपारी धनुष्य पूर्ण ओढणे हे त्याला मोडण्याचे आमंत्रण आहे. श्रावणात त्याच्या उलट, लाकूड ओलावा धरते, धनुष्य सुस्त होते आणि दोरी उतरवल्यावरही त्याचा बाक पूर्ण जात नाही. उन्हाळ्यात आपल्या घरांत कूलर चालतो. धनुष्य त्याच्या ओल्या झोताच्या समोर टांगले तर एका बाजूने ओलावा बसतो आणि भुजेला पीळ पडू शकतो. उभ्या केलेल्या मोटारीत तर ते कधीही ठेवू नये, तापलेल्या मोटारीत सरस मऊ पडून थर सुटतात. थंड प्रदेशात बनलेल्या आणि डाकेने आलेल्या धनुष्याबरोबर या सूचना मिळत नाहीत. इथल्या हवेत काम करणारा माणूस आपले लाकूड इथल्याच हवेत मुरवतो, आणि पावसाळा संपल्यावर धनुष्य घेऊन या, पुन्हा एकदा टिलर पाहू, असे बजावतो. मला वाटते, अशा धनुष्याची मालकी घेण्यातले खरे मोल यात आहे. वस्तू आपल्या घरी येते, पण तिला घडवणाऱ्याचे तिच्यावरचे लक्ष उठत नाही.

आता सुरक्षिततेकडे येते. लाकडी धनुष्य कधीच मोडत नाही असे मी म्हणणार नाही. ते मोडू शकते, आणि म्हणूनच ते तपासले पाहिजे. ही तपासणी अवघड नाही आणि कोणत्याही प्रशिक्षित कोचला ती दहा मिनिटांत करता येते. दोरी उतरवून पाठीवरून कापसाचा बोळा फिरवावा. कुठे तंतू उठला असेल तर कापूस तिथे अडकतो. गाठींपाशी आणि सरसाच्या जोडावर उजेडात पाहावे. दोरी चढवून दोन्ही भुजांचा बाक सारखा आहे का ते पाहावे, मग सावकाश अर्ध्यापर्यंत ओढून कुठे बिजागरीसारखा कोन पडतो का हे दुसऱ्याने बाजूने बघावे. काट्यावर पाउंडेज मोजून धनुष्यावर लिहिलेल्या आकड्याशी ताडून घ्यावे. बाणही तपासावेत, कारण फार हलका बाण लावल्यास धनुष्याची न वापरलेली शक्ती त्याच्याच भुजांवर उलटते. ३५ पौंडांच्या लाकडी धनुष्याला साधारण २२-२३ ग्रॅमपेक्षा हलका बाण लावू नये, आणि बाण न लावता दोरी सोडणे तर पूर्णपणे निषिद्ध असावे. हा शेवटचा नियम लाखो रुपयांच्या कंपाउंडलाही तितकाच लागू आहे. कंपाउंडची दोरी रिकामी सोडली तर तेही मोडते, आणि मैदानांवर त्याचे नियम काटेकोर असतातच. मग तेच नियम आणि तशीच तपासणी लाकडी धनुष्यालाही लावावी आणि जे उतरेल ते वापरू द्यावे. न पाहताच नकार दिल्याने कोणाचीही सुरक्षितता वाढत नाही. हौशी माणसे मग गच्चीवर, शेतात, ओसाड प्लॉटवर नेम धरू लागतात, आणि धोका उलट वाढतो.

याच संदर्भात एक गोष्ट आवर्जून नोंदवावीशी वाटते. आपल्या देशातील स्पर्धांमध्ये इंडियन राउंड नावाचा प्रकार आहे. त्यात बांबू-लाकडाचीच धनुष्ये वापरली जातात, साइट नसते, आणि ग्रामीण व आदिवासी भागांतील कित्येक मुले याच दाराने या खेळात येतात. राजस्थानच्या लिंबा राम यांनी लहानपणी बांबूच्या धनुष्यावर हात बसवला आणि पुढे १९९२ मध्ये बीजिंगच्या आशियाई धनुर्विद्या स्पर्धेत ३० मीटर अंतरावर ३६० पैकी ३५८ गुण मिळवून जागतिक विक्रमाशी बरोबरी केली. झारखंडच्या दीपिका कुमारी यांची सुरुवातही घरगुती बांबूच्या धनुष्याने झाली होती. आंतरराष्ट्रीय पातळीवर त्रिमितीय, म्हणजे प्राण्यांच्या आकाराच्या, लक्ष्यांच्या स्पर्धांत लाँगबो हा स्वतंत्र विभाग आहे, आणि त्यात बाणही लाकडाचे आणि खऱ्या पिसांचेच लागतात. म्हणजे खेळाच्या नियमांनी या धनुष्याला स्थान दिलेले आहे. आपल्याच मैदानाच्या फाटकावर ते अडवले जाते, हे मला पटत नाही.

प्रौढांचा विचार तर या सगळ्यात कुठेच होत नाही. पन्नाशी-साठीच्या माणसाला पदक नको असते, त्याला उघड्या हवेत, ताठ उभे राहून, लक्षपूर्वक करण्यासारखे काही हवे असते. हलक्या पाउंडेजचे लाँगबो आणि १८-२० मीटरचे अंतर त्याला पुरेसे आहे. पाठीच्या आणि खांद्याच्या स्नायूंना व्यायाम होतो, आणि एका बाणावर मन पूर्ण लागले की दुसरा विचार टिकत नाही. मी ज्यांच्याबरोबर बाण मारते त्यात एक निवृत्त टपाल कर्मचारी आहेत आणि एक किराणा दुकानदार. स्पर्धेच्या तयारीतल्या मुलांचा वेळ किंवा त्यांची लक्ष्ये आम्हाला नको आहेत. दुपार उलटताना, मुले यायच्या आधी, मैदानाच्या एका टोकाला दोन लक्ष्ये आणि मागे जाळी एवढे मिळाले तरी आमचे काम भागते. अशा धनुष्याचा बाण कंपाउंडच्या बाणाच्या मानाने साधारण निम्म्या वेगाने जातो, त्यामुळे वेगळ्या मोठ्या खर्चाची गरजही पडत नाही.

किमतीविषयीही लिहायला हवे. स्पर्धेच्या दर्जाचा कंपाउंड संच दोन-अडीच लाखांच्या घरात सहज जातो, आणि कित्येक पालक मुलाची आवड टिकेल की नाही हे कळायच्या आत कर्ज काढून तो घेतात. हाताने घडवलेले चांगले धनुष्य काही हजारांत मिळते. तरीही त्या काही हजारांवर घासाघीस करणारी माणसे मी पाहिली आहेत आणि मला त्याचे वाईट वाटले आहे. बांबू वाळण्याचे महिने, खुंटीवर मोडून वाया गेलेली धनुष्ये, टिलरला लागणारे दिवस, हे सगळे त्या किमतीत असते. ज्याला आठवड्याभरात धनुष्य हवे आहे त्याने अशा कारागिराकडे जाऊ नये. घाईत दिलेले धनुष्य चांगले असू शकत नाही, आणि चांगला कारागीर घाईला नकार देतो, त्यामुळे वाट पाहण्याची तयारी असेल तरच मागणी नोंदवावी.

कच्च्या मालाची अडचण आज पूर्वीइतकी राहिलेली नाही, हेही संबंधित खात्यांनी लक्षात घ्यावे. २००६ च्या वनहक्क कायद्यात बांबूचा समावेश गौण वनोपजात, म्हणजे वनहक्कधारकांना गोळा करून विकता येणाऱ्या वनउत्पादनांत, झाला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाला २०११ मध्ये आपल्या जंगलातील बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा अधिकार मिळाला. आणि २०१७ मध्ये भारतीय वन अधिनियमात दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेर वाढलेला बांबू वृक्षाच्या व्याख्येतून वगळला गेला. चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, बांबू विकास मंडळाचे कार्यालय नागपुरातच आहे. टोपल्या, फर्निचर, शोभेच्या वस्तू यांचे प्रशिक्षण होते, ते व्हायलाच हवे. पण बांबूच्या ताकदीची खरी परीक्षा ज्या वस्तूत होते आणि जिला देशभर गिऱ्हाईक आहे, त्या धनुष्याचा एखादा अभ्यासक्रम अशा केंद्रात का असू नये? शिकवणारे हात आपल्या परिसरात आहेत, आणि गोंड, माडिया, कोरकू समाजांत तर धनुष्य घडवण्याचे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. बांबूच्याच सालीची दोरी करून ती बांबूच्या धनुष्याला चढवणारे लोक मध्य भारतात आहेत. त्यांना विद्यार्थी म्हणून बोलावण्याऐवजी शिक्षक म्हणून मानाने बोलावले जावे.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांचा समावेश आहे. सुतार, लोहार, अस्त्रे घडवणारे, टोपल्या-चटया विणणारे हे सर्व त्यात आहेत. अवजारांसाठी १५ हजार रुपयांचे साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत कर्ज अशी तरतूद आहे. धनुष्य घडवणाऱ्याचे नाव मात्र त्या यादीत स्वतंत्रपणे नाही. त्याने सुतार म्हणून नोंद करावी की अस्त्रकार म्हणून, हे जिल्हा पातळीवर स्पष्ट शब्दांत सांगितले गेले तरी अशा माणसांचे हेलपाटे वाचतील. वजनाचा चांगला काटा, शिकंजे आणि बांबू वाळवायला कोरडी, हवेशीर जागा एवढ्यावर एका छोट्या कार्यशाळेचे काम कितीतरी सुधारते.

शिकारीविषयी शंका येणे स्वाभाविक आहे, म्हणून तेही स्पष्ट करते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकारीला बंदी आहे आणि आमच्यापैकी प्रत्येकाला ती मान्य आहे. आम्ही वापरतो ते बाण लक्ष्यावर मारायच्या साध्या टोकाचे असतात, पात्यांचे नसतात. ये-जा करताना धनुष्याची दोरी उतरवलेली असते आणि ते कापडी खोळीत बांधलेले असते, बाण वेगळ्या नळीत असतात. मैदानाने याहून कडक नियम घातले तरी आमची हरकत नाही. दसऱ्याच्या सुमारास बाजारात मुलांसाठी टोकदार काड्यांचे धनुष्यबाण विकले जातात, त्यांच्यावर कोणाचेच लक्ष नसते आणि खरा धोका मुलांच्या डोळ्यांना तिथे असतो, याकडेही आपल्या दैनिकाने एकदा लक्ष वेधावे.

शहरातील ज्या ज्या सार्वजनिक मैदानांवर धनुर्विद्येची रेंज आहे त्यांच्या व्यवस्थापनाला माझी विनंती आहे की, हाताने घडवलेल्या धनुष्यांच्या तपासणीसाठी वर्षातून दोन वेळा, एकदा पावसाळा संपल्यावर आणि एकदा उन्हाळा लागण्याआधी, दिवस ठरवून द्यावा, तपासणीत उतरलेल्या धनुष्यावर तारखेची चिठ्ठी लावावी आणि त्या धनुष्यांना आठवड्यातून निदान दोन दिवस ठरावीक वेळ द्यावा. पहिल्या तपासणीला काटा, कापूस आणि आमची सगळी धनुष्ये घेऊन येण्याची आमची तयारी आहे. आमचे कारागीरही स्वतः येऊन प्रत्येक धनुष्याची माहिती द्यायला तयार आहेत. दिवाळीनंतर बांबूतोडीच्या निमित्ताने ते बरेच दिवस बाहेर असतात, त्यामुळे तारीख त्याआधीची ठरल्यास सोयीचे होईल.

आपली विश्वासू,
एक धनुर्धर वाचक, नागपूर